डावीकडून तिसरा

सातपूरच्या पतसंस्थेत जिन्याखालच्या खोलीत
आधी रद्दी होती, आता सर्व्हर आहे.
दार उघडलं की गार वारा अंगावर येतो
आणि आठ-दहा दिवे एकदम बघतात,
उशिरा घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसे.

पहिल्या दिवशी निमसेकाकांनी चपला बाहेर काढायला लावल्या.
देव्हारा म्हणून नाही, म्हणाले, धूळ.
मग बोट न टेकवता एकेक दाखवत गेले:
हे मोठं बटण चालू-बंदचं. याला हात नाही.
चार सेकंद दाबून धरलंस तर
सातपूर, अंबड, पाथर्डी फाटा,
तिन्ही शाखांची पासबुकं जागच्या जागी मुकी.
हे सुईएवढं भोक, रिसेटचं.
मुद्दाम एवढं लहान ठेवलंय,
रागात बोट जाऊ नये म्हणून.

मी गपचूप बांगडीतली सेफ्टी पिन काढून
पर्समध्ये टाकली.

आणि हे डिस्कचे.
लुकलुकतोय म्हणजे काम चाललंय.
फार पटपट लुकलुकला तर समज, व्याजाची तारीख.
हलायचा थांबला तर मला हाक मार.
रंगाचं त्यांनी काही सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही, पुस्तिकेत होतंच:
हिरवा ठीक. नारिंगी म्हणजे दुखणं.

जानेवारीत एका रात्री दिवसअखेर लांबली.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या होत्या,
वॉचमन सांगत होता, पारा चारावर आलाय,
आणि आत आमचा एसी आपला चालूच.
डावीकडून तिसरा दिवा नारिंगी.
ठार स्थिर.
काकांना बोलावलं. ते मफलर न सोडता वाकले,
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मग किती वाजले विचारावं इतक्या साधेपणाने
म्हणाले,
कसा दिसतोय गं तुला?

दिवा त्यांच्या नाकापासून वीतभर.

ओझरला, विमानाच्या कारखान्यात,
भरतीच्या वेळी ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं होतं पुढ्यात.
सगळ्यांना त्यात आकडा दिसला.
मला नुसते ठिपके.
रस्त्यावरचा सिग्नल वरचा की खालचा ते बघतो,
टोमॅटो दाबून घेतो,
आणि हे, तीन सर्व्हर झाले,
एकवीस वर्षं,
हे मी तालावर ओळखतो.
हिला सांगितलेलं नाही अजून, म्हणाले. घरी.

मी रंग सांगितला.
त्यांनी खटका दाबून डिस्क अलगद ओढली,
उतू जाणारं पातेलं उतरवावं तशी,
आणि नवी सरकवली.
दिवा दोनदा अडखळला, मग लागला लुकलुकायला.
पुढचं त्यांनी विचारलं नाही.
ते त्यांना ऐकू येत होतं.

यावर आम्ही परत बोललो नाही.
फक्त वहीत मी एक जास्तीचा रकाना आखला, रंग,
आणि ते यायच्या आत भरून ठेवायची.

पुढच्या पट्टीवर एक बटण राहिलं होतं,
कधीच कुणी न वापरलेलं.
दाबलं की समोर निळा दिवा लागतो
आणि तसाच एक पाठीमागे.
ओळीने पन्नास यंत्रं उभी असली
तर मागच्या माणसाला कळावं, हेच ते.
आमच्याकडे एकच यंत्र. कशाला लागतंय?

मार्चअखेर. काकांचा शेवटचा दिवस.
बाहेर पेढे, नारळ, अध्यक्षांचं भाषण लांबत चाललेलं.
ते मात्र रॅकच्या मागे, वायरींच्या गुंत्यात,
बांधलेलीच केबल पुन्हा बांधत.
मी पुढे उभी.
काय वाटलं कोण जाणे, ते बटण दाबलं.

बराच वेळ फक्त पंखे.

मग मागून आवाज आला:
निळा.

मी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही उघडली.
आदल्या तारखेचा माझा रकाना भरलेला,
त्यांच्या तिरक्या अक्षरात:
निळा. ६.४०. स्वतः पाहिला.